डावखुऱ्यांसाठी बोल्ट रायफल : एल्कच्या शिकारीला कोणती घ्यावी?

गनिसनची पशुवैद्य

नमस्कार मंडळी. मी मूळची सेलूची. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि गेली नऊ वर्षं कोलोरॅडोत गनिसनला गाईगुरांची डॉक्टर आहे. पूर्ण डावखुरी. लहानपणी आजीने जेवणाचा हात तेवढा उजवा करून घेतला, बाकी लिहिणं, विळी, इंजेक्शन, टाके सगळं डाव्यानेच. कॉलेजात गाईची गर्भतपासणी डाव्या हाताने करायला शिकवतात. तिथे पहिल्यांदा माझा हात वर्गाच्या पुढे होता.

आता मुद्द्याचं. दोन सीझन मी शेजारच्या आजोबांची थर्टी-ऑट-सिक्स (.३०-०६ काडतुसाची) रायफल वापरतेय. रायफल उत्तम आहे, पण बोल्ट (प्रत्येक गोळीनंतर हाताने उचलून मागे-पुढे करायचा दांडा) उजव्या बाजूला. मी डाव्या खांद्याला लावून डाव्या बोटाने चाप ओढते. पहिल्या गोळीपर्यंत सगळं ठीक असतं. खरी अडचण दुसऱ्या गोळीला येते.

गेल्या नोव्हेंबरात माझ्याकडे मादी एल्कचं (एल्क म्हणजे इथलं सांबरासारखं मोठं हरीण) लायसन्स होतं. सेजच्या झुडपांत अंदाजे १८० यार्डांवर कळप उभा होता, घोटाभर बर्फ होतं. काठ्यांच्या आधाराने गुडघ्यावर बसून गोळी झाडली. झाडतानाच कळलं की मागे लागली. एल्क दचकली, पाठ वाकवून वीसेक पावलं गेली आणि पुन्हा उभी राहिली. दुसऱ्या गोळीची तीच वेळ होती. मी डावा हात मुठीवरून काढला, स्कोपवरून (रायफलीवरच्या दुर्बिणीवरून) पलीकडे नेला, बोल्ट उचलला. तेवढ्यात रायफल काठ्यांवर कलंडली आणि जनावर स्कोपमधून निघून गेलं. पुन्हा डोळा लावला तर तिथे फक्त झुडपं. कळप गर्द स्प्रूसच्या रानात शिरला होता.

रक्त गडद होतं, म्हणजे गोळी यकृताला लागली होती. अशा वेळी लगेच मागे धावलं तर जखमी जनावर आणखी लांब पळतं, म्हणून थांबले. मग माग काढत गेले. सापडायला तीन तासांहून जास्त वेळ लागला, अंधार पडायला आला होता. मी रोज जनावरांच्या वेदना कमी करायचं काम करते. त्या तीन तासांचा हिशेब मला अजून देता येत नाही. नेम चुकला हा माझा दोष. पण दुसरी गोळी तीन सेकंदांत गेली असती तर ती एल्क तिथेच पडली असती.

तर यंदा स्वतःची डाव्या हाताची रायफल घ्यायचीच आहे. उंची ५ फूट २ इंच, खांदा लहान. डोंगरात सात-आठ हजार फुटांवरून वर चढत जायचं असतं, त्यामुळे वजनाचा विचार आहे. बजेट स्कोपसकट दीड हजार डॉलर. नव्वद टक्के वेळा एल्कच, कधीतरी म्यूल डिअर. दुकानात विचारलं तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "उजवीचीच सवय करा, सगळे डावखुरे तेच करतात." मला ते पटलेलं नाही. टिक्का टी३एक्स लाइट, सॅव्हेज ११०, ब्राउनिंग एक्स-बोल्ट अशी तीन नावं डोक्यात आहेत. काडतूस .२७० की थर्टी-ऑट-सिक्स, की ६.५ क्रीडमोर? अनुभवी माणसांनी सांगावं.

बिटररूट काका

डॉक्टरताई, तुम्ही जे लिहिलंत ते वाचून आधी एवढंच सांगतो : जनावर सापडेपर्यंत तुम्ही रान सोडलं नाहीत, हे बरोबर केलंत.

मी मोंटानात हॅमिल्टनला राहतो, डावखुरा, एकवीस वर्षं डाव्याच बोल्टने शिकार करतोय. काउंटरवरच्या माणसाचं ऐकू नका. दुसऱ्या गोळीचं तुम्हाला कळलंच आहे, पण आणखी एक गोष्ट आहे जी फारसं कुणी सांगत नाही. डाव्या खांद्याला रायफल लावली की आपला चेहरा दस्त्याच्या उजव्या अंगाला येतो. उजव्या रायफलीचं रिकामी पुंगळी बाहेर पडायचं तोंडही उजवीकडेच. रोजच्या वापरात याने काही होत नाही. पण एखादं काडतूस बुडाशी फाटलं तर गरम वायूला बाहेर पडायला ती मोकळी वाट असते आणि तिच्यालगत आपला डोळा. डाव्या रायफलीत ते तोंड डावीकडे, चेहऱ्यापासून लांब. शूटिंगचा चष्मा दोन्हींत घालाच.

खरेदीआधी घरात एक तपासणी करा. दोन्ही हात लांब करून अंगठे आणि बोटं जुळवून छोटी खिडकी करा, तिच्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ खिडकीत राहतं तो तुमचा मुख्य डोळा. हात डावा आणि मुख्य डोळा उजवा अशी बरीच माणसं असतात. त्यांचा प्रश्न वेगळा, त्यांनी आधी कुठल्या खांद्यावरून मारायचं ते ठरवावं. तुमचा डोळाही डावा निघाला तर पुढे वाचा.

तुमच्या तिन्ही रायफली चांगल्या. सॅव्हेजने ११० ची डावी आवृत्ती १९५९ मध्ये काढली. कारखान्यातून मोठ्या संख्येने, साध्या माणसाला परवडेल अशी निघालेली ती पहिली डावी बोल्ट रायफल. त्याआधीच्या डावखुऱ्यांना बंदूककाराकडून महागडं काम करून घ्यावं लागे, नाहीतर उजवीवर भागवावं लागे. टिक्का फिनलंडला रिहिमाकीत सॅकोच्या कारखान्यात बनते. तिचा बोल्ट लोण्यासारखा सरकतो, यात अतिशयोक्ती नाही. एक्स-बोल्टचा बोल्ट ६० अंशच उचलावा लागतो, त्यामुळे स्कोपखाली बोटांना जागा मिळते. जाड हातमोजे असले की हे जाणवतं.

माझी टिक्का आहे आणि मला ती प्रिय आहे. तरी तुम्हाला मी एकदम "टिक्का घ्या" म्हणणार नाही, कारण तुमच्या उंचीला दस्त्याची लांबी हा पहिला प्रश्न आहे. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर बहुतेक रायफलींत साडेतेरा-चौदा इंच असतं. ते मध्यम उंचीच्या पुरुषाचं माप. वर नोव्हेंबरचं जाड जाकीट चढलं की दस्ता काखेत अडकतो, मान पुढे ताणावी लागते आणि डोळा स्कोपच्या मागे नीट बसत नाही. दुकानात जाल तेव्हा जाकीट घालूनच जा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग उघडा. स्कोपमधलं चित्र पूर्ण गोल दिसलं तर माप बरोबर. मान हलवावी लागली तर ती रायफल तुमची नाही, नाव कितीही मोठं असो.

आणखी एक विचारतो, राग मानू नका. त्या वेळी स्कोप किती पटीवर होता?

बालेवाडीचा नेमबाज

मी थोडं वेगळं मांडतो. मीही डावखुरा, पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर घडलो, आता वायोमिंगमध्ये. बारा वर्षं उजव्या बोल्टने मारतोय, तेही जाणूनबुजून.

कारण असं. रायफल बायपॉडवर किंवा सॅकवर नीट टेकलेली असेल तर पुढचा हात मोकळाच असतो. डावा हात मुठीवर तसाच राहतो, गाल दस्त्यावर तसाच राहतो आणि उजव्या हाताने बोल्ट फिरतो. चाप ओढणारा हात जागचा हलतच नाही. बेंचवर बसून अचूकतेच्या स्पर्धा खेळणारे काही उजवे नेमबाज याच हिशेबाने मुद्दाम डावा बोल्ट घेतात.

दुसरं म्हणजे निवड. डाव्या रायफलीत मॉडेलं कमी, काडतुसांचे पर्याय कमी, दुकानात हातात घेऊन बघायला क्वचित मिळतात, मागवून वाट बघावी लागते. उद्या विकायची म्हटलं तर गिऱ्हाईकही दहातलं एक. तेच पैसे काडतुसांवर आणि सरावावर घाला, असं माझं प्रामाणिक मत.

गनिसनची पशुवैद्य

काका, राग कसला. स्कोप नऊवर होता. पहिली गोळी अगदी अचूक जावी म्हणून वाढवला आणि तसाच राहिला. तुम्ही विचारल्यावर जाणवलं की जनावर हरवण्यात बोल्टइतकाच त्याचाही हात होता. नऊवर दिसणारा तुकडा केवढासा, रायफल जरा हलली की सगळं गेलं.

डोळ्याची तपासणी दोनदा केली. डावाच.

नेमबाज दादा, तुमचं म्हणणं मी शेजारच्या कुरणात पोत्यावर रायफल टेकवून करून पाहिलं. खरंच जमतं, आणि जलद जमतं. पण माझी शिकार तशी होत नाही. इथे सेज कमरेपर्यंत येते, आडवं पडलं तर समोर फक्त झुडूप दिसतं. मी गुडघ्यावर असते आणि उजव्या हातात काठ्या आणि रायफलीचा पुढचा भाग दोन्ही एकत्र धरलेले असतात. तो हात सुटला की सगळंच सुटतं. म्हणून माझ्यापुरता डावा बोल्टच खरा. विकायचा प्रश्न नाही, ही मी मरेपर्यंत ठेवणार.

ताडोबाकर

ताई, तुमच्याशी भांडायला आलो नाही, पण राहवलं नाही. मी मोहर्लीजवळ राहतो, उन्हाळ्यात पाणवठ्यावर मचाणात बसून प्राणिगणना करतो. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली म्हणून आज सांबर दिसतं. तुम्ही जनावरांच्या डॉक्टर. एल्क म्हणजे सांबराचंच मोठं भावंड. मारायचं कसं सुचतं?

गनिसनची पशुवैद्य

दादा, हा प्रश्न मी स्वतःला दरवर्षी विचारते, म्हणून नीट उत्तर देते.

भारतात तो कायदा हवाच होता आणि हवाच आहे. तिथे मी कधीही बंदूक उचलणार नाही. इथली गोष्ट वेगळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीने कोलोरॅडोतले एल्क संपत आले होते, बाहेरून, वायोमिंगमधून कळप आणून सोडावे लागले. आज अमेरिकेत सर्वांत जास्त एल्क याच राज्यात आहेत. लांडगे गेल्या शतकात मारून संपवले, ते राज्याने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सोडायला सुरुवात केली. मधल्या काळात कळपांवर वचक उरला तो मुख्यतः माणसाचाच. किती नर, किती माद्या, कुठल्या भागात, हे दरवर्षी मोजून ठरतं आणि मादीचं लायसन्स सोडतीत निघतं. लायसन्सच्या पैशांतून वन्यजीव खातं चालतं. शिवाय १९३७ च्या केंद्रीय कायद्याने लांब बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, तोही या कामाला जातो.

आणि मी खाते, दादा. एका मादीचं मांस आम्हा चौघांना जवळजवळ वर्षभर पुरतं. मी ज्या गाई तपासते त्यातल्या कित्येक शेवटी लोकांच्या ताटात जातात, ते मी रोज बघते. त्यापेक्षा हा मृत्यू माझ्या हातून, माझ्या डोळ्यांसमोर व्हावा आणि क्षणात व्हावा, असं मला वाटतं. क्षणात व्हावा म्हणूनच ही सगळी चौकशी. तुम्हाला पटलं नाही तरी मला समजेल.

ताडोबाकर

पूर्ण पटलं नाही. पण तीन तासांची गोष्ट तुम्ही लपवली नाहीत, ते मनाला लागलं. रायफल चांगली घ्या.

ऑरोरातला नवखा

मध्येच विचारतो, माफ करा. मी एच-१बीवर आहे. मलाही शिकायचंय. आम्हाला रायफल घेता येते का?

बिटररूट काका

नवख्या भाऊ, केंद्राच्या कायद्याने बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या (एच-१बी त्यातलाच) माणसाला बंदूक बाळगायला मनाई आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू शिकार लायसन्स. म्हणजे लायसन्स आधी, बंदुकीला हात नंतर. त्याची मुदत संपलेली चालत नाही. इथे व्हिसाचा प्रश्न आहे, म्हणून वकिलाला विचारूनच पुढे जा. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत शिकार-सुरक्षेचं कार्ड लागतं, तो वर्ग आधी कर. तिथे बंदूक सुरक्षितपणे हाताळायलाही शिकवतात.

डॉक्टरताई, आता काडतुसाचं. तुमच्या राज्याचा नियम असा : एल्कला किमान .२४ इंच व्यासाची, ८५ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची पसरणारी गोळी, आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पौंड ऊर्जा. तुम्ही लिहिलेली तिन्ही काडतुसं यात आरामात बसतात, म्हणजे कायद्याने प्रश्न सुटत नाही, खांद्याने सुटतो. थर्टी-ऑट-सिक्स १९०६ पासून चालत आलंय, त्याने या खंडावरचं काहीही मारता येतं. .२७० आलं १९२५ मध्ये, त्याच घराण्यातलं. गोळी बारीक, वेग जास्त, दणका थोडा कमी. क्रीडमोर २००७ चं, दणका सर्वांत कमी, पण एल्कला मी ते अंतर राखून आणि बरगड्या समोर असतील तेव्हाच वापरीन. लहान खांदा, दोनशे-अडीचशे यार्ड आणि एल्क या तीन गोष्टी जुळवल्या तर माझं बोट .२७० वर थांबतं. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातही ते काडतूस मिळतं. सीझनच्या आदल्या रात्री डबा विसरल्याचं लक्षात आलं की याचं मोल कळतं.

मॅग्नमच्या, म्हणजे जास्त दारूच्या जोरदार काडतुसांच्या, नादी लागू नका. दणक्याला घाबरलेलं बोट चाप ओढत नाही, हिसकतं. हिसकलेली गोळी कुठे जाते ते मी तुम्हाला सांगायला नको.

गनिसनची पशुवैद्य

पाच आठवड्यांनी परत लिहितेय. रायफल घरी आली.

जाकीट घालून तीन दुकानं फिरले. एक्स-बोल्ट डावी कुठेच नव्हती, मागवा म्हणाले. टिक्का होती. काका, लोण्याची उपमा अगदी खरी, तो बोल्ट हातातून सोडवेना. पण दस्ता मला लांब पडला आणि दुसरी एक गोष्ट आड आली. टिक्काची सेफ्टी (चाप अडवणारा खटका) दोनच जागांची. लावली की बोल्टही बंद, म्हणजे चेंबरमधलं (नळीच्या मागच्या खोबणीतलं) काडतूस काढायला आधी सेफ्टी सोडावी लागते. आमच्याकडे चेंबरमध्ये काडतूस असलेली रायफल गाडीत ठेवणं बेकायदा. मी एका दिवसात पाच-सहा वेळा गाडीत चढते-उतरते, बोटं गारठलेली असतात. दर वेळी भरलेल्या रायफलीची सेफ्टी सोडायची, हे माझ्या मनाला रुचलं नाही. काळजीपूर्वक करणारे हजारो जण करतात, तक्रार नाही. मला नको होतं, एवढंच.

शेवटी सॅव्हेज ११० स्टॉर्म घेतली, डावी, .२७० मध्ये. तिच्या सेफ्टीचा खटका दस्त्याच्या मानेवर मधोमध, अंगठ्याखाली आहे. तीन जागा आहेत आणि मधल्या जागेवर चाप बंद राहून बोल्ट उघडतो. दस्त्याच्या मागच्या पट्ट्या बदलून लांबी कमी होते. सर्वांत लहान पट्टी लावली, गालाखालचा भाग उंच केला, डोळे मिटून खांद्याला लावली आणि उघडले. पूर्ण गोल. तिथेच काउंटरवर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षांत कात्री, कॅन-ओपनर, कॉलेजातल्या खुर्चीची फळी, माझ्या हातासाठी म्हणून बनलेलं काहीच हातात आलं नव्हतं.

टिक्कापेक्षा ही जड आहे. चढताना जाणवणार. पण तेच वजन दणका थोडा खाऊन टाकतं, म्हणून चालेल.

कोलोरॅडोत आता दुकानदाराने पार्श्वभूमीची तपासणी सुरू केल्यावर निदान तीन दिवस थांबावं लागतं, ते थांबले. वर साधा ३-९ चा स्कोप बसवला आणि काकांचं ऐकून चालताना तो तीनवरच ठेवायचा ठरवलं. गोळी १३० ग्रेनची, पूर्ण तांब्याची. शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात राहतात आणि आपण रानात सोडलेल्या आतड्यांवर गरुड, कावळे येतात, त्यांच्या पोटात ते शिसं जातं. शिशाची बाधा झालेल्या पक्ष्याची मान कशी लटकते ते एकदा बघितलं की दुसरी गोळी घ्यावीशी वाटत नाही. तांब्याची गोळी महाग पडते. वर्षाला एल्कवर एक झाडायची, फार तर दोन.

रायफलीचा नेम २०० यार्डांवर जुळवून घेतला. १०० वर ती दीड-दोन इंच वर लागते.

मग मोबाईलवर वेळ लावून पाहिली. गुडघ्यावर, काठ्यांवर, एक गोळी, बोल्ट, पुन्हा नेम, दुसरी गोळी. आजोबांच्या रायफलीने मला सात सेकंद लागत होते आणि दर वेळी लक्ष्य पुन्हा शोधावं लागत होतं. शनिवारी हिच्याने पाचव्या फेरीला तीन सेकंदांच्या आत आले. उजवा हात काठ्यांवरून हलला नाही. पुंगळी डावीकडे बर्फात पडली आणि कागदाचं लक्ष्य पूर्ण वेळ स्कोपमध्ये होतं.

आजोबांची रायफल नळी पुसून, तेल लावून परत दिली. त्यांनी माझी हातात घेतली, उजव्या खांद्याला लावली, बोल्ट शोधायला हात उजवीकडे गेला आणि तिथे काहीच नव्हतं. बराच वेळ ते रायफलीकडे बघत राहिले. म्हणाले, "दोन वर्षं तू हे असं करत होतीस?"

आता एकच विचारायचं राहिलं. ऑक्टोबरपर्यंत रोज रात्री नकली काडतुसं घालून बोल्टचा सराव करायचा आहे, खोलीत खरं काडतूस न ठेवता. काका, तुम्ही बसून करता की उभ्याने?

बिटररूट काका

गुडघ्यावर. जाकीट आणि हातमोजे घालून, काठ्या घेऊन. वीस वेळा, जास्त नाही. बोल्ट मागे पूर्ण ओढा, दमदार. घाईत अर्धाच ओढला तर रिकामी पुंगळी आत अडकते आणि तीन सेकंदांचे तीस होतात.